वाळवंटातील पाण्याची पाळी

मुलगा किंवा मुलगी आखाती देशात नोकरीला असते. आईवडिलांनी एकदा येऊन आपला संसार पाहावा, असा तिकडून आग्रह होत असतो. मग पंचाहत्तरी ओलांडलेले ते जोडपे दवाखान्यात येते आणि विचारते, ‘‘डॉक्टर, एवढ्या उन्हाच्या देशात आम्ही जावे का?’’ वाचकहो, या प्रश्नाला मी बहुधा ‘जरूर जा’ असेच उत्तर देते. मात्र त्यासोबत माझेही दोन प्रश्न असतात. कोणत्या महिन्यात जाणार? आणि दुपारी बारा ते चार या वेळात कुठे असणार?

माझा धाकटा भाऊ ओमानची राजधानी मस्कत येथे अनेक वर्षे नोकरी करतो. ‘त्याचे घर एकदा डोळ्यांनी पाहायचे आहे,’ अशी आईची इच्छा होती. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. रक्तदाबासाठी दोन गोळ्या चालू, त्यांपैकी एक लघवी वाढवणारी. आम्ही ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा निवडला. ओमानमध्ये पर्यटकांची खरी गर्दी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असते, तर उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. ऑक्टोबर आणि एप्रिल हे मधले महिने. या काळात विमानतळावर आणि किल्ल्यांवर रांगा लहान असतात, गाडीवाला घाई करत नाही. वृद्धांना प्रवासात हवी असते ती हीच सवड.

परंतु हा हंगाम शांत असतो, थंड नसतो, हे ध्यानात ठेवावे. दुपारचे तापमान पस्तीस अंशांच्या आसपास सहज जाते. ‘‘आम्ही विदर्भातले, आम्हाला उन्हाचे काय सांगता?’’ असे काही जण हसून म्हणतात. मे महिन्यात त्यांचे म्हणणे खरेही असते, कारण उन्हाळा हळूहळू चढतो आणि शरीराला सराव होतो. पावसाळा उलटला की तो सराव ओसरलेला असतो. नव्या उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात आणि आपली सहल असते सहा-सात दिवसांची. देहाला वाळवंटाची ओळख पटण्याआधीच आपण परतीच्या विमानात बसतो.

शिवाय ऊनही दोन प्रकारचे असते. मस्कत समुद्रकाठी असल्याने तेथे हवा दमट. घाम येतो, पण वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. तेथून दीड-दोन तासांवर, डोंगरापलीकडे असलेल्या निझवात हवा कोरडी. तेथे घाम येताक्षणी उडून जातो. अंग कोरडेच राहते आणि आपल्याला वाटते, घाम आलाच नाही. शरीरातले पाणी मात्र कमी होत असते. त्यातच वाढत्या वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. तहान लागेल तेव्हा पिऊ, हा तरुणपणीचा नियम सत्तरीनंतर भरवशाचा राहत नाही.

निझवाच्या बाजारात सकाळी अकराच्या सुमारास माझी बोलकी आई एकाएकी गप्प झाली. तिला मसाल्यांचे भाव विचारण्यात रस उरला नव्हता. जीभ कोरडी होती, नाडी जलद चालत होती. सावलीत बसवून तिला जलसंजीवनी घोट घोट पाजली. अर्ध्या-पाऊण तासाने तिने स्वतःहून विचारले, ‘‘ते लोबान कसे दिले?’’ तेव्हा मला हायसे वाटले. सकाळपासून तिने जेमतेम पेलाभर पाणी घेतले होते. कारण विचारले तर म्हणाली, ‘‘वाटेत जायला जागा मिळाली नाही तर?’’

काळजीवाहकांनो, हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. अनेक वृद्ध, विशेषतः स्त्रिया, प्रवासात पाणी टाळतात ते स्वच्छतागृहाच्या धास्तीने. नुसते ‘पाणी प्या’ म्हणून ही धास्ती जात नाही. ‘एका तासात पेट्रोल पंप येईल, तेथे थांबणार आहोत’ असे आधीच सांगितले, तर पेला आपोआप रिकामा होतो.

त्याच दिवशी संध्याकाळी निझवाचा ‘फलज दारिस’ पाहिला. फलज म्हणजे जमिनीखालील पाणी उताराने शेतांपर्यंत आणणारा पाट. ओमानमधील असे पाच फलज २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. फलजाच्या पाण्याची वाटणी वेळेवर होते. पूर्वी दिवसा सावली आणि रात्री तारे पाहून प्रत्येक बागेची पाळी ठरत असे. आईचे माहेर धुळे जिल्ह्यातले, पांझरेकाठचे. फड पद्धतीचे पाणी तिने लहानपणी पाहिलेले. ती लगेच म्हणाली, ‘‘ही तर आपली पाण्याची पाळी!’’ मी म्हटले, ‘‘आई, आजपासून तुलाही पाळी. तहान असो वा नसो, बाहेर असताना दर तासाला एक पेला.’’ तिला ते पटले आणि पुढचे चारही दिवस तिने घड्याळ पाहून पाणी घेतले.

ज्यांच्या पाण्यावर हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे मर्यादा आहे, त्यांनी मात्र ही पाळी आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. लघवी वाढवणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. तिची वेळ वा मात्रा बदलायची का, हे निघण्यापूर्वी विचारावे. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे. सामानात टाकू नये, बंद मोटारीत विसरू नये. औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. कोडीन, ट्रामाडॉल आणि काही झोपेच्या गोळ्यांवर आखाती देशांत कडक निर्बंध आहेत, त्यांची आधी चौकशी करावी. घरोघरी कहव्याबरोबर खजूर आणि हलवा पुढे येतो. मधुमेहींनी एखादा खजूर घेऊन यजमानांचा मान राखावा आणि तेथेच थांबावे.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, अलीकडेच रुग्णालयातून घरी आलेल्यांनी किंवा तहान-त्रास सांगता न येण्याइतका स्मृतिभ्रंश असलेल्यांनी हा प्रवास टाळलेलाच बरा. वाटेत बोलण्यात गोंधळ, तोल जाणे, उलट्या किंवा अंग तापणे दिसले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. ओमानमध्ये तातडीच्या मदतीसाठी ९९९९ हा क्रमांक आहे.

दिवस कसा आखावा, हे तेथील लोकांकडूनच शिकावे. निझवाचा शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार भल्या सकाळी भरतो आणि ऊन चढण्याआधी उठतो. मस्कतच्या मत्रह बाजारातील बहुतेक दुकाने दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. पिढ्यान्‌पिढ्या वाळवंटात राहिलेली माणसे जर दुपारी सावलीत विसावतात, तर आठवड्याच्या पाहुण्याने तेवढे तरी अवश्य करावे. सकाळ फिरण्याची, दुपार विश्रांतीची, संध्याकाळ पुन्हा फिरण्याची. अशा बेताने दोन ठिकाणे कमी पाहून होतील, पण जी पाहाल ती मनापासून पाहाल.