कडेवरचे मूल

मूल पळवायला काही मिनिटे लागतात. कादंबरी लिहायची असते ती त्यानंतरच्या वर्षांची. मराठीत हा विषय हाती घेणाऱ्याला अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांचे प्रकरण टाळता येत नाही. १९९० ते १९९६ या काळात १३ मुले पळवल्याचा आणि त्यांतल्या काहींचे खून केल्याचा हा खटला. अंजनाबाई निकालाआधीच मरण पावली. मुलींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली आणि दयेच्या अर्जावरील दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली.

लेखणी घसरते ती क्रौर्याच्या वर्णनात. खरी भीती त्याच्या कितीतरी आधी आहे. मुले लागत होती पाकीटमारीसाठी. गर्दीत हात पकडला गेला, तरी कडेवरचे मूल बघून माणसे विरघळत. लेकुरवाळी बाई चोरी कशी करेल? चांगल्या माणसांची माया इथे गुन्ह्याच्या कामी आली. ही गोष्ट कादंबरीत गर्दीच्या नजरेतूनच यायला हवी. वाचकालाही आधी त्या बाईची दया यावी.

अंबरनाथ-बदलापूर परिसरातल्या जांभूळसारख्या गावात अनोळखी बाईच्या कडेवर मूल दिसले, तर ओट्यावरची आजी हटकून विचारते, “कुणाचा गं हा?” तेच मूल स्टेशनच्या पुलावर रडत असले, तरी लोक बाजूला सरून वाट देतात. मूल रडतेच, आई समजावतेच. न विचारलेल्या त्या एका प्रश्नावर अख्खे प्रकरण उभे राहू शकते.

मागे उरलेल्या घराचे दुःख वेगळ्या जातीचे असते. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने १९७० च्या दशकात अशा शेवट नसलेल्या वियोगाची मांडणी केली. दहावे-तेरावे नाही, फोटोला हार नाही. सात वर्षे ठावठिकाणा लागला नाही, तर कायदा माणूस मेल्याचे गृहीत धरू शकतो. आई धरत नाही. तिचे रडणे लिहिण्यापेक्षा तिचे हिशेब लिहावेत: दर जूनला कोणती इयत्ता, चपलेचे माप किती. आणि तरीही लोकलच्या डब्यात ती निरखत राहते ती कडेवरचीच मुले. तिचा मुलगा आता दहा वर्षांचा असेल, हे तिला पाठ असते. डोळे शोधतात तीन वर्षांचा.