आळसाचा आरोप

महसूल खात्याच्या दप्तरात ज्याची हयात गेली, त्या माणसाला कोणत्याही आरोपाचा पुरावा मागण्याची खोड जडते. म्हणूनच अकरावीत गेलेली माझी नात, जी कालपरवापर्यंत गंगापूर रोडवरून सायकल दामटीत शाळेत जात असे, ती भर दुपारीही अंथरुणाला खिळून राहू लागली, आणि 'आळशी झाली, मोबाइलने वाया गेली' असा निवाडा घरात एकमुखाने झाला, तेव्हा त्यावर शिक्कामोर्तब करण्यास मी राजी होईना. कॉलेज रोडवरच्या तिच्या क्लासला सकाळी लवकर निघावे लागे, आणि पोटात चहा व दोन खारी एवढाच ऐवज. परंतु एका रविवारी पांडवलेणी चढताना जे पाहिले, ते नुसत्या उपाशीपणाचे नव्हते: निम्म्या पायऱ्यांवरच ती मटकन बसली, ओठ पांढुरके पडलेले, कानशिलाजवळची शीर दुरून दिसावी इतकी उडत होती, आणि तिच्या चौपट वयाचा मी वरच्या पायरीवर उभा राहून तिची वाट पाहत होतो.

त्याच सुमारास तिच्या पिशवीत पाटीवरच्या पेन्सिलींचा पुडा सापडला. अकरावीच्या मुलीला पाटी कशाला? विचारले तेव्हा ओशाळून म्हणाली, "आजोबा, मी खाते त्या. ओल्या मातीचा वास आला तरी तोंडाला पाणी सुटतं." चरकसंहितेत पांडुरोगाचे जे पाच प्रकार वर्णिले आहेत, त्यांतील पाचवा मृत्तिकाभक्षणापासून उद्भवणारा, अर्वाचीन वैद्यक हेच प्रकरण दुसऱ्या टोकानेही वाचते आणि शरीरातील लोह उणे झाले की माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असल्या पदार्थांची वासना बळावते असे सांगते. त्या पुड्यामुळेच आम्ही दवाखान्याची पायरी चढलो.

हिमोग्लोबिन ८.६ भरले, तिच्या वयाच्या मुलीत ते निदान १२ असावे लागते. लोहाच्या साठ्याची कल्पना देणारे फेरिटिन तर अवघे ६, आणि ते १५च्या खाली गेले म्हणजे कोठार रिकामे झाले असे समजतात. डॉक्टरबाईंनी बीट-पालकाची चौकशी करण्याआधी पाळीची केली. मी संकोचाने उठू लागलो, तर नातच म्हणाली, "बसा हो आजोबा." आठ आठ दिवस जाते, पहिले तीन दिवस तर रात्री उठून कपडे बदलावे लागतात, हे सारे तिने खालमानेने सांगितले; त्यावर सूनबाई सहजपणे म्हणाली, "आमच्या माहेरी सगळ्यांचं असंच असतं." बाई लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, "मग सगळ्यांचंच रक्त तपासायला हवं."

ठरले ते असे: रक्तस्राव आटोक्यात आणण्याचे औषध निराळे, आणि लोहाची गोळी एक दिवसाआड, रिकाम्या पोटी, लिंबाच्या सरबताबरोबर, चहा आणि दूध तिच्यापासून दोन तास लांब. शौचास काळे होईल, त्याने बिचकू नये. रोज का नको, असे मी विचारले, तेव्हा बाईंनी सांगितले की गोळी पोटात गेली म्हणजे यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य सोडते आणि ते पुढच्या लोहाची आतड्यातली वाट काही काळ अडवून धरते. म्हणून मधला दिवस मोकळा सोडलेला बरा.

घरी मात्र वैद्यांचा तुटवडा नव्हता. डाळिंब आणि बीट यांचा मारा सुरू झाला, कारण जे लाल ते रक्त वाढविणारे अशी आपली पिढीजात समजूत. वस्तुतः दोहोंतही लोह फार थोडे. गुळाची कीर्तीही त्याच्या योग्यतेहून मोठी. त्यापेक्षा भद्रकालीच्या भाजीबाजारातून आणलेली चवळई, लोखंडी कढईत परतलेली मटकी आणि वर लिंबू, किंवा अळिवाचे लाडू, यांना काही अर्थ आहे. तथापि कोठार इतके रिते झाल्यावर नुसत्या ताटाने ते भरत नाही, गोळी हवीच.

आणि ही गोळी काही दुर्मीळ नव्हे. शाळांतून आठवड्याला एक निळी गोळी देण्याची सरकारी योजना २०१२-१३ पासून चालू आहे. गोळीत आज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. त्या फॉलिक आम्लाचा माग १९२८ नंतर मुंबईतच लागू लागला: गिरणी कामगारांतील गरोदर स्त्रियांच्या पांडुतेचा शोध घेणाऱ्या ल्यूसी विल्स या विदुषीला यीस्टच्या अर्काने त्यांचा एक प्रकारचा पांडुरोग हटतो असे आढळले, आणि त्यातील गुणकारी द्रव्य ते हेच असल्याचे पुढे सिद्ध झाले. इतकी कुळकथा असलेली ती गोळी वर्गातल्या कित्येक मुली मळमळते म्हणून जिभेखाली धरून मागच्या मागे थुंकून टाकीत, असे नात सांगते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के आणि मुलांपैकी ३१.१ टक्के पांडुरोगी आढळले, याचे मला त्यामुळे नवल वाटत नाही. अर्थात प्रत्येक पांडुता लोहाचीच असते असे नव्हे. आमच्याच जिल्ह्यातील सुरगाणा-पेठकडच्या आदिवासी मुलांत सिकलसेलचीही तपासणी करावी लागते.

महिन्याभरात पेन्सिलींचे वेड गेले, पुढे गालांवर रंग आला, हिमोग्लोबिन बारावर पोहोचले, आणि खरी तक्रार तेथून सुरू झाली. "मी बरी झाले ना, मग गोळी कशाला?" रक्त भरले तरी साठा भरावयास आणखी तीन महिने तरी लागतात, ही बाईंची मुदतवाढ तिला जाचक वाटे. मी तिला ट्रेझरीचा दाखला दिला: रोजची रोकड फिरू लागली म्हणून राखीव शिल्लक जमा झाली असे कोणताही कारकून लिहीत नाही. ती हसली, पण गोळी घेतली. आणि माझ्या जुन्या नोंदवहीत दिवसाआड स्वतःच्या सहीची हजेरी तीच लावू लागली.

सूनबाईंचे रक्तही अखेर तपासले, ते १०.२ निघाले. गोळ्या आणल्या आहेत, पण त्या कपाटातच आहेत, कारण तिचे म्हणणे, "मला थकायला वेळ कुठे आहे?" नोंदवहीत तिच्या नावाचा रकाना नातीने आखला आहे आणि सकाळच्या चहाची वेळ परस्पर पुढे ढकलली आहे, त्यावरून घरात तूर्त कलह चालू आहे.