कोयनेकाठची दैनंदिनी (भाग २): काळ्या पाषाणाखालचे भ्रंश

सोमवार, कराड
सकाळीच हजारमाची गाठली. केंद्राच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची भूभौतिक प्रयोगशाळा इथे आहे. भूकंपांच्या मुळाशी जाण्यासाठी कोयना परिसरात घेतलेल्या खोल विवरांचे काम ती पाहते. रासाटी गावाजवळच्या विवरात सुमारे ९३० मीटरवर लाव्ह्याचा काळा पाषाण संपला आणि खाली थेट ग्रॅनाइट लागला. गोठण्याजवळचे विवर २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल गेले. अशा विवरातून निघालेला दगडाचा दांडा डोळ्यांजवळ धरून पाहिला. एका जागी तो तिरका तुटलेला, तुटलेली बाजू हाताला गुळगुळीत आणि तिच्यावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे. दोन खडक एकमेकांना घासून सरकल्याची ती खूण. अशा तुटीलाच भ्रंश म्हणतात.

वरचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर हा ग्रॅनाइट अडीचशे कोटींहून अधिक वर्षांचा. त्यातले जुने भ्रंश लाव्ह्याने झाकले, सांधले मात्र नाहीत.

मंगळवार, कोयनानगर
११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटे. ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने सुमारे १८० जीव घेतले, कोयनानगर उद्ध्वस्त केले. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. पुढे ते मजबूत करण्यात आले. डोणीचावाड्याकडे जमिनीला भेगा पडल्या आणि तिथल्या भ्रंशाला त्याच गावाचे नाव मिळाले.

एका आजींना त्या पहाटेबद्दल विचारले. "भिताडच अंगावर आलं बघा. तवापास्नं आमी पत्र्याच्या घरातच निजतो," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी शिवसागराच्या, म्हणजे या धरणाच्या जलाशयाच्या, काठाने चाललो. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा. हिमालयासारखा वळ्या पडून उभा राहिलेला नाही. पर्वत घडतोय तो तिकडे, सुमारे दीड हजार किलोमीटर उत्तरेला. भारताचा भूपट्ट अजून वर्षाला काही सेंटिमीटर आशियावर रेटतो आहे, आणि त्या रेट्याचा ताण दख्खनच्या पोटापर्यंत पोचतो. अखंड खडक फोडायला जेवढा जोर लागतो, त्याहून कमी जोरात जुना भ्रंश सरकतो. म्हणून ताण आला की आधी तोच हलतो. १९६२ पासून इथे पाणी अडले आणि लगोलग धक्के जाणवू लागले. साठ्याचे वजन वाढले, पाणी फटींत झिरपले, घर्षण घटले. ताण आधीचाच होता. पाण्याने त्याला निमित्त दिले.

बुधवार, चांदोली
शिराळ्यावरून वारणेकाठी आलो. इथल्या धरणाचा साठा १९८५ पासून भरू लागला आणि १९९३ मध्ये इकडेही ५ तीव्रतेपर्यंतचे धक्के बसले. कोयना-वारणा पट्ट्यातली ही हालचाल साठ वर्षे थांबलेली नाही. धरणे रिकामी करता येणार नाहीत आणि भूपट्टाचा रेटाही थांबवता येणार नाही. आपल्या हाती आहे ते घर. १९६७ मध्ये माणसे दबली ती दगड-मातीच्या भिंतींखाली. पाटण आणि शिराळा तालुक्यांत आजही तशी घरे दिसतात. नवे घर बांधताना चारही भिंतींना सलग बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा घाला. दगडी भिंत असेल तर आरपार जाणारे दगड बसवा. जुन्या घराच्या भिंती जाणकाराला दाखवून घ्या. पुढच्या धक्क्याची तारीख कोणीच सांगू शकत नाही, म्हणून हे काम याच उन्हाळ्यात उरका.