नि, रे आणि मधली तार

झाशीला अतिथी प्राध्यापक म्हणून आले तेव्हा माझ्या सामानात पुस्तकांच्या दोन पेट्या आणि एक गिटार होती. पुस्तकांविषयी कोणी काही विचारले नाही. गिटारीविषयी मात्र सर्वांनी विचारले. चाळिशी उलटलेली, तौलनिक साहित्य शिकवणारी बाई आणि हे वाद्य! मी तो प्रश्न थट्टेवारी नेत असे, कारण खरे उत्तर चहाच्या टेबलावर देण्याजोगे नव्हते. आई गेल्यापासून मला गाणे ऐकवत नव्हते. नवव्या वर्षी तिने मला समोर बसवून यमन शिकवला होता. ती गेली आणि कोठेही यमनाचे सूर लागले की मी उठून जाऊ लागले. स्वरांवाचून तर राहवत नव्हते. तेव्हा जिला आईचा हात कधी लागला नव्हता अशी वस्तू मी शोधली, इतकेच.

आर्पेजिओ हा शब्द इटालियन आहे, हार्प या वाद्यावरून आलेला. कॉर्डमधील स्वर एकदम न छेडता एकामागून एक सुटे वाजवायचे; मात्र वाजलेला स्वर बंद करायचा नाही, तो मागे घुमत राहिला पाहिजे. जाड तीन तारा अंगठ्याच्या, बारीक तीन तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांच्या. माउरो जुलियानी याने १८१२ साली उजव्या हातासाठी असे १२० पाठ प्रसिद्ध केले. त्यांत कॉर्ड दोनच आहेत. बदलतो तो केवळ बोटांचा क्रम. पलट्यांवर वाढलेल्या मला तो कंटाळा अगदी घरचा वाटला.

विस्तारित आर्पेजिओकडे मी वळले ती येथे आल्यावर. सा, ग, प ही मूळ कॉर्ड. तोच एक स्वर सोडण्याचा नियम पुढे चालवला की नि येतो, मग सप्तक ओलांडून रे, म आणि ध. शुद्ध मध्यम खालच्या गंधाराशी भांडतो, म्हणून तेथे बहुधा तीव्र घेतात. रेपाशी थांबलात तर पाच स्वर होतात, आणि ते कर्नाटक संगीतातून उत्तरेत आलेल्या हंसध्वनीचे स्वर असतात. सातही घेतले तर कल्याण थाट पुरा होतो. ही समीकरणे मला ठाऊक होती. किंबहुना एका व्याख्यानात मी ती फळ्यावर मांडलीही होती. लिडियन म्हणजे यमन, असे लिहून खाली रेघ ओढली होती. विद्यार्थ्यांनी ते उतरून घेतले, याची आज मला लाज वाटते. थाट ही वर्गीकरणाची सोय आहे, थाट कोणी गात नाही, हे भातखंडे वाचलेल्या माणसाला तरी कळायला हवे होते. गंमत अशी की समीकरण ठाऊक असूनही बोटांखाली यमन आहे अशी शंका मला कधी आली नाही. तो यमनासारखा वाजतच नव्हता. म्हणूनच मी निर्धास्त होते.

अडचण आली ती तारांची. बारीक तारेपासून मोजले तर सा पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, ग चौथीच्या दुसऱ्यावर, प आणि नि तिसऱ्या व दुसऱ्या मोकळ्या तारांवर. चार स्वर, चार तारा. सर्व घुमत राहतात. रे मात्र निच्याच तारेवर तिसऱ्या पडद्यावर येतो. एका तारेवर दोन स्वर एका वेळी नांदू शकत नाहीत. रे वाजला की नि मेला. हा मृत्यू टाळण्यासाठी मी आठवडाभर खटपट केली. नि तिसऱ्या तारेवर, चौथ्या पडद्यावर घेऊन पाहिला. तर तेथला प गेला. कोणीतरी जावेच लागे.

मी राहते ते घर किल्ल्याच्या पायथ्याच्या गणेशमंदिरापासून फार लांब नाही. १८४२ साली लक्ष्मीबाईंचा विवाह झाला ते हे मंदिर. घर जुन्या मराठी कुटुंबाचे आहे. मराठी बुंदेलीत मुरलेली. गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ वाचून मी झाशीत आले होते. त्या अतिथीच्या वाट्याला १८५८ चा वेढा आला, माझ्या वाट्याला घरातल्या ऐंशीच्या आजी. गिटार पाहून त्या म्हणाल्या होत्या, “मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती ना?” त्यांच्या मनात ब्रिजभूषण काबरांची गिटार होती; १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ त्यांच्या घरी पुष्कळ वाजली होती. माझी उभी गिटार त्यांना अर्धवट वाटली. “रियाज करतेस की जिना चढतेस?” असेही एकदा विचारून झाले.

मे महिन्यातली गोष्ट. वीज गेलेली, आजी अंगणात बाजेवर. प गेला तर जाऊ दे, असे म्हणून मी तिसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्यावरचा नि छेडला आणि बोट न उचलता सातव्यावर, रेवर घसरत नेले. पडद्यांवरून घसरणारे बोट पायऱ्या मोजत जाते. मींड नव्हेच ती. तरीही अंगणातून आवाज आला, “यमन घेतलास?”

“नाही आजी, आर्पेजिओ आहे.”

“असेल. पण निवरून रेवर गेलीस, मध्ये सा न घेता. आता गंधारावर ये ना. थांबलीस का?”

मला उत्तर देता आले नाही. माझ्या पाठात रेनंतर मध्यम होता, पहिल्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर. बोट तिकडे निघालेही होते. स्वर तेच सात, पण या एका ठिकाणी वाट फुटत होती. वीस वर्षे मी दोन भाषांतल्या कृती शेजारी ठेवून त्यांत काय काय सारखे आहे याच्या याद्या केल्या. कशानंतर काय येते, कशासाठी काय गप्प होते, हे क्वचितच पाहिले. हे तेव्हा सुचले असे मात्र म्हणवत नाही. तेव्हा फक्त आई आठवली, आणि मी गिटार पेटीत ठेवली.

आठ-दहा दिवस ती तशीच होती. आजींनी विषय काढला नाही. मग एका रात्री उकाड्याने झोप येईना, तेव्हा बाहेर काढली. कोरड्या हवेत तारा उतरल्या होत्या, त्या लावण्यातच बराच वेळ गेला. तिसरी तार, चौथा पडदा, नि, सातवा, रे. गंधार त्याच तारेवर नवव्या पडद्यावर आहे. इतक्या महिन्यांत तेथे माझे बोट एकदाही गेले नव्हते. गेले. जरा चढाच लागला. अंगणातून काही आवाज आला नाही. आजी झोपल्या असाव्यात. मी पुन्हा चौथ्या पडद्यावर आले.