कपिलेकाठी खटले

प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांवर, कपिलेकाठच्या विश्रामगृहांच्या भिंतींवर आणि हल्ली प्रत्येकाच्या हातातल्या फोनवरही एकच चित्र मला वारंवार भेटते: समोर अफाट पाणी, पलीकडे अरण्याची निळसर कड, आणि अलीकडे हिरवळीवर, पाण्याकडे तोंड करून मांडलेल्या दोन रिकाम्या खुर्च्या. त्या नेहमी दोनच का असाव्यात, हा प्रश्न सरगूरच्या परिसरात हिंडताना मनात असा काही अडकून बसला की समोरच्या जलाशयाहून त्या खुर्च्यांकडेच माझे लक्ष अधिक जाऊ लागले. नऊ खुर्च्या, त्यांतली एक आत्याबाईंसाठी सावलीत ओढलेली, दुसरीच्या पाठीवर वाळत घातलेला पंचा, असे चित्र कोणी छापत नाही.

सृष्टिशोभा पाहण्यासाठी दोघांनीच जावे, ही रूढी वस्तुतः आपल्याकडे फार जुनी नाही. पूर्वी माणसे निघत ती यात्रेला, आणि तीही शिधासामग्री व सगळे खटले बरोबर घेऊन; डोंगर वाटेत लागे, पण केवळ तो पाहण्यासाठी घराला कुलूप लावण्याची कल्पना कोणाला सुचली नसती. ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब यांनी 1850 साली माथेरान हुडकले, 1907 साली तिथवर छोटी आगगाडी चढू लागली, आणि मग केव्हातरी नवपरिणीतांनी थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा प्रघात आपल्या मध्यमवर्गात रुजला. यजमान आणि मी सरगूरला प्रथम आलो ते याच प्रघाताला अनुसरून. मात्र नवपरिणीत म्हणवण्याचे वय तेव्हा केव्हाच उलटून गेले होते. उन्हाळा होता. अशा दिवसांत धरणाचे पाणी ओसरते, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत उगवते आणि त्याच्या ओढीने नागरहोळे व बंडीपूरच्या रानांतून हत्तींचे कळप काठावर उतरतात. आम्ही ते पाहिले. पाण्यातून वर आलेली वठलेली खोडे, त्यांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे, सारे काही पाहिले, आणि फार थोडे बोललो. ती खोडे आम्हां दोघांनाही अतिशय सुंदर वाटली होती, एवढे इथे नमूद करून ठेवते.

पुढे सगळ्या खटल्यासह आलो, तेव्हा भावजी बरोबर होते. हयात पाटबंधारे खात्यात गेलेली, त्यामुळे धरण दिसताच त्यांच्या मुखातून लांबी 2,284 फूट आणि साठा साडेएकोणीस टीएमसी हे आकडे ओघानेच आले. या मुलखात हत्ती धरण्याची विद्या यशस्वी करून दाखवणारा सँडरसन हाही मूळचा कालव्यांवरचाच अंमलदार, हे कळल्यावर तर ‘‘म्हणजे आपल्याच खात्यातला!’’ असे म्हणून त्यांनी त्या साहेबाला जवळजवळ घरचाच करून टाकला. सँडरसनच्या आधी शंभर वर्षे हैदराने, आपल्या पेशवाईच्या कागदांतल्या हैदर नाइकाने, याच काकनकोट्याच्या रानात हत्ती कोंडण्याचा घाट घातला होता. तो फसला तेव्हा, पुढे कोणालाही हे साधणार नाही आणि जो प्रयत्न करील त्याला शाप लागेल, अशा आशयाचा लेख त्याने दगडावर कोरवला, असे सँडरसनने आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. पराभूत माणसाने आपल्या अपयशाचा असा कायमचा बंदोबस्त करावा, ही गोष्ट मला हैदराच्या सगळ्या लढायांहून अधिक मानवी वाटते. शाप काही लागू पडला नाही. 1873-74 च्या सुमारास सँडरसनने चामराजनगरकडे पहिला कळप कोंडला, आणि पुढे काकनकोट्याचा खेड्डा, म्हणजे कळप हाकून कोंडण्याचा हा उद्योग, म्हैसूर संस्थानाच्या वैभवाचा एक सोहळाच होऊन बसला. व्हाइसरॉय यावेत, राजपुत्र यावेत, तंबू ठोकले जावेत, मुदपाकखाने पेटावेत, आणि जेनु कुरुबांसारख्या रानातल्या माणसांनी दिवसरात्र राबून हाकून आणलेला कळप ऐन मुहूर्तावर कपिलेत उतरवला जावा. नदी ओलांडणारे हत्ती पाहण्यासाठी काठावर पाहुण्यांची दाटी, तीमध्ये बायकामुले, मेहुणे, भाचे, सगळा गोतावळा! दोन खुर्च्यांचे चित्र त्या काठाला ठाऊकच नव्हते. अखेरचा खेड्डा 1971 साली झाला, पाठोपाठ वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा आला, आणि 1974 साली धरण पुरे होऊन तो नदीकाठच पाण्याखाली गेला. खेड्ड्यासाठी हळहळणाऱ्यांपैकी मी नाही. हत्तीच्या पायाला पहिल्यांदा दोर पडतो तेव्हाच्या आकांताला कोणी सोहळा म्हणावे, हे मला कधी उमगले नाही. परंतु ज्यांनी हत्ती हाकले त्या कुरुबांनाही पुढे धरणापायी आणि अभयारण्यापायी रान सोडावे लागले, आणि त्यांच्या जाण्याला तर प्रेक्षकही लाभले नाहीत.

नावेत आम्ही चढलो तेव्हा शांतता राखण्याची सूचना झाली आणि ती अर्थातच पाळली गेली नाही. जाऊबाईंनी चिवड्याचा डबा उघडला, मुलांनी हत्ती मोजून भांडण केले, आणि एवढी माणसे एकत्र येण्याचा कपिलाषष्ठीचा योग कपिलेवरच जुळला, हा विनोद भावजींनी तीनतीनदा केला. आत्याबाई मात्र त्या वठलेल्या खोडांकडे टक लावून पाहत होत्या. ‘‘ही झाडं कुणाच्या बांधावरची गं?’’ त्यांनी मला विचारले. मला काय ठाऊक! तेव्हा त्यांनी तोच प्रश्न आपल्या माहेरच्या धारवाडी कानडीत नावाड्याला केला. तोवर प्राण्यापक्ष्यांच्या नावांपलीकडे न बोललेला तो गृहस्थ आधी त्या कानडीला हसला, आणि मग वल्ह्याच्या रोखाने दाखवीत, आजोबांचे घर कुठे होते, देऊळ कुठे, चिंच कुठे, असा सगळा गाव सांगत सुटला. हत्ती त्या अवधीत निघून गेले. कोणी त्यांच्याकडे पाहिले नाही.

दोघांनी गेल्यास देखावा अधिक दिसतो, हे मी आजही मान्य करते.

परतताना आत्याबाईंच्या आग्रहाखातर नंजनगूडला श्रीकंठेश्वराचे दर्शन झाले आणि देवळाबाहेर रसबाळे केळ्यांची चौकशी सुरू झाली. ही केळी एकेकाळी या गावाचे भूषण होती. रोगाने बागा बसल्यामुळे आता ती सहजी मिळत नाहीत, आणि मिळाली तरी खरी की नकली यावर विक्रेत्यांतच मतभेद. एक फणी कशीबशी हाती आली. भावजींनी एक केळे सोलून, वसईच्या राजेळीपुढे हे काहीच नाही असा निवाडा दिला, आणि आत्याबाईंनी त्यांच्या हातून उरलेली फणी काढून घेतली.