९६००, आठ, एन, एक

टेंभुर्णी म्हटलं की लोकांना सोलापूरकडचं आठवतं. आमचं टेंभुर्णी जालना जिल्ह्यातलं, जाफराबाद तालुक्यातलं. तालुक्याची हद्द ओलांडली की बुलडाणा जिल्हा. कापूस, सोयाबीन, मका ही इथली पिकं, आणि पीक म्हटलं की काटा आलाच. दिवाळीच्या सुमारास कापसाची गाडी भुईकाट्यावर चढली की ड्रायव्हर, हमाल, शेतकरी सगळ्यांची नजर बाहेरच्या लाल आकड्यावर खिळते. गाडीच्या भाराने खालचे लोडसेल केसभर दबतात, त्यातून निघणाऱ्या मिलिव्होल्टांचा केबिनमधला इंडिकेटर आकडा करतो आणि तो आकडा एका बारीक वायरीतून काँप्युटरवर जातो. शेतकऱ्याच्या हातात पडते ती तिथून छापलेली पावती. माझं निम्मं आयुष्य त्या वायरीच्या नादात गेलं.

ही सिरीयल वायर. आरएस-२३२ नावाचं तिचं मानक अमेरिकेत १९६० साली ठरलं. आत नऊ तारा असल्या तरी काट्याचं काम तिघींवर भागतं: एक पाठवायची, एक घ्यायची, एक सामाईक ग्राउंड. बिट एकामागे एक जातात. एक म्हणजे वजा तीन ते वजा पंधरा व्होल्ट, शून्य म्हणजे अधिक तीन ते अधिक पंधरा. या तारांतून अक्षरं जातात, पण घड्याळ जात नाही. स्टार्ट बिट दिसला की घेणारा आपल्याच घड्याळाने पुढचे बिट मोजू लागतो. म्हणून वेग किती, अक्षरात बिट किती, पॅरिटी म्हणजे चूक ओळखायचा जादा बिट सम, विषम की नाहीच, आणि शेवटी स्टॉप बिट किती, हे दोन्ही टोकांना आधीच ठाऊक असावं लागतं. आमच्याकडे पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं, तेव्हा रोख किती, धान्य किती, सुट्ट्या किती हे चार माणसांत बोलून घेतात. वायरीचंही तसंच. आधी न ठरलेलं काम ती करत नाही.

औरंगाबादला पॉलिटेक्निकला होतो तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं. डॉसच्या काळ्या पडद्यावर ‘मोड’ लिहायचं, पुढे कॉम-वन, पुढे ९६००, एन म्हणजे बिनपॅरिटी, ८, १. एंटर मारलं की पोर्ट तयार. इकडे टंकलेलं अक्षर शेजारच्या काँप्युटरवर उमटलं, तेव्हा वर्गातली पोरं खुर्च्या सोडून उठली होती. गणित सोपं होतं. एका अक्षराला आठ बिट, एक स्टार्ट, एक स्टॉप, असे दहा. म्हणजे ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरं. स्टॉप बिट ही टेलिप्रिंटरची देणगी. एक अक्षर छापून झाल्यावर यंत्राच्या दांड्या जागेवर यायला जरा उसंत लागे, ती या बिटाने मिळे. दांड्या गेल्या, तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण उसंत राहिली.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. पुढे मॉडेम हाताशी आला, तर त्याच्याही पाठीला हीच वायर. ‘एटी’ लिहिलं की तो ‘ओके’ म्हणे. त्या दोन अक्षरांनी जीव भांड्यात पडायचा.

मग गावाकडे आलो आणि काटे, दुधाचं फॅट मोजणारी मशीनं, डेअरीचे तराजू यांच्या दुरुस्तीत रमलो. “भाऊ, आकडा येईना,” असा फोन आला की निघायचं. आकडा अजिबात नसेल तर बहुधा तार तुटलेली, नाहीतर पाठवायची आणि घ्यायची यांची अदलाबदल झालेली. सगळाच कचरा दिसत असेल तर वेग चुकलेला. पण एक कचरा फार शहाणा असतो. त्यात ०, ३, ५, ६, ९ नीट दिसतात आणि १, २, ४, ७, ८ यांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. तिथे इंडिकेटर सात बिट आणि सम पॅरिटीने बोलत असतो आणि काँप्युटर आठ बिट, बिनपॅरिटीने ऐकत असतो. ज्या आकड्याच्या संकेतात एकांची संख्या विषम, त्याला पॅरिटीचा जादा एक चिकटतो आणि तेवढाच बिघडतो. हा नमुना दिसला की पेचकस पिशवीतच राहतो.

पुढे लॅपटॉपला सिरीयल पोर्ट येईनासा झाला. यूएसबीचं कनव्हर्टर आलं आणि मी लिनक्सवर गेलो. तिथली आज्ञा ‘एसटीटीवाय’. तिच्यापुढे पोर्टचं नाव, मग ९६००, मग ‘सीएस८’, मग ‘पारेन्ब’ आणि ‘सीस्टॉपबी’, दोघांच्या आधी वजाचं चिन्ह. वजा म्हणजे ‘नको’: पॅरिटी नको, दुसरा स्टॉप बिट नको. एवढ्यावर नवखा थांबतो आणि फसतो. लिनक्सच्या लेखी तो पोर्ट म्हणजे समोर माणूस बसलेलं टर्मिनल. म्हणून आलेलं प्रत्येक अक्षर तो उलट पाठवतो, आणि काही इंडिकेटर तो प्रतिध्वनी हुकूम समजतात. त्यासाठी ‘रॉ’ आणि ‘वजा एको’ लिहायचं. ‘सीआरटीएससीटीएस’ला वजा नसेल तर काँप्युटर परवानगीच्या तारेची वाट पाहत बसतो, आणि तीन तारांच्या वायरीत ती तार नसतेच. शिवाय कनव्हर्टर काढून पुन्हा लावलं की केलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून ही ओळ फाइलीत घालून काँप्युटर सुरू होताना आणि कनव्हर्टर लावताना दरवेळी चालवायची. शेवटी ‘वजा ए’ लावून विचारलं की पोर्ट आपली सगळी अवस्था ओळीने सांगतो. काही लपवत नाही.

हल्लीची यंत्रं परस्पर जुळतात. वाय-फाय, ब्लूटूथ आपापसांत ठरवून घेतात. जुळलं तर सोय मोठी. नाही जुळलं तर कुठे अडलं ते कुणी सांगत नाही. बंद करा, पुन्हा चालू करा, एवढाच उपाय. ही जुनी वायर मात्र जे ठरवाल तेच करते आणि काय ठरलंय ते विचारलं की सांगते. ज्या आकड्यावर कुणाच्या वर्षभराच्या घामाचा हिशेब होतो, तो अशाच वायरीतून यावा असं मला वाटतं. काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का असतो. त्यापुढची वायर आणि ती एक ओळ मात्र आपणच राखायची.

म्हणून काटेवाल्यांना आणि डेअरीवाल्यांना एक विनंती. इंडिकेटरच्या पाठीवर न पुसणाऱ्या पेनाने चार गोष्टी लिहून ठेवा: वेग, बिट, पॅरिटी, स्टॉप. बसवणारा निघून जातो, कागद हरवतो, काँप्युटर बदलतो. ऐन हंगामात बाहेर गाड्यांची रांग लागलेली असते, तेव्हा तेवढी एक ओळ पुरते.