ज्याचे त्याचे सूर

वरोऱ्याहून चिमूर, ब्रह्मपुरी करीत वैनगंगा ओलांडली, की आपण वडशाला पोहोचतो. तेथून दक्षिणेची वाट गडचिरोली, आलापल्लीवरून भामरागडच्या अरण्यात शिरते. १९८२ पर्यंत हा सारा मुलूख एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होता. तरीही या वाटेवर ठिकठिकाणी सूर बदलतात. घरात अंथरुणाला खिळलेल्या, अखेरच्या दिवसांतील आप्ताची सेवा करणाऱ्यांनी हा बदल अवश्य ध्यानात घ्यावा.

वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठमुक्त, अंध व अपंग कलावंतांचा ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंद आकाराला आला. चिमूरजवळच्या गोंदेडा येथे तुकडोजी महाराजांनी तरुणपणी साधना केली. या भागातील अनेकांच्या कानांत खंजिरी भजन बालपणापासून घुमते आहे. वडशाच्या परिसरात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. भामरागडकडे माडिया स्त्री-पुरुष ढोलाच्या ठेक्यावर रेला गातात. गोंड समाजात तर परधान गायक किंगरीच्या साथीने कुळाच्या कथा गातो आणि मृत्यूनंतरच्या विधींतही त्याला स्थान असते.

आता सांगा, या साऱ्यांच्या उशाशी ‘शांत’ म्हणून बासरीची एकच ध्वनिफीत लावावी काय?

अंतसमयीच्या संगीतोपचाराविषयीच्या संशोधनाचा कॉक्रेन संस्थेने २०१० मध्ये आढावा घेतला. निकषांत बसलेले अभ्यास अवघे पाच आणि रुग्ण १७५ होते. संगीतामुळे उरलेल्या दिवसांची गुणवत्ता वाढू शकते, असे त्यांतून सूचित झाले. मात्र वेदना व चिंता कमी होते, याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. म्हणून एक पथ्य कटाक्षाने पाळावे: डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक औषध भजनाच्या भरवशावर कधीही थांबवू नये. सूर हे औषधाचे सोबती आहेत, पर्याय नव्हेत.

निवड रुग्णाचीच असावी. आवाज मंद ठेवावा. पंधरा-वीस मिनिटे पुरेशी होतात. मुद्रेकडे व श्वासाकडे लक्ष असू द्यावे. कपाळावर आठ्या पडल्या, हात अस्वस्थ झाला, तर गाणे तत्काळ थांबवावे. डोळ्यांत पाणी आले, तर घाबरून जाऊ नये. हात हाती घेऊन, पुढे ऐकायचे आहे का, एवढे विचारावे. एखाद्याला शांतताच हवी असेल, तर तीही द्यावी. आपला गळा गोड नाही, हा संकोच नको. ओळखीचा, थोडा बेसूर आवाजही रुग्णाला जवळचा वाटतो.

मात्र हे सारे विचारायला बोलण्याची शक्ती शाबूत असावी लागते. म्हणून आज संध्याकाळी चहाच्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांना सहज विचारा, “तुमच्या लहानपणी गावात काय गायचे?” उत्तर ऐका, वहीत लिहून ठेवा आणि जमल्यास त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून घ्या.